डॉल्बीच्या गावात घरचा बेस

सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर या आपल्या पट्ट्यात 'डॉल्बी' या शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. "यंदा मिरवणुकीत डॉल्बी आहे का?" असं कुणी विचारलं, की डोळ्यांसमोर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत येते. गंमत अशी, की ज्या माणसाचं हे आडनाव, त्याचं पहिलं मोठं काम गोंगाट कमी करण्याचं होतं. रे डॉल्बी हे अमेरिकन अभियंते संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून १९६३ ते १९६५ या काळात भारतातच होते. इथून ते लंडनला गेले, १९६५ मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि टेपवरच्या रेकॉर्डिंगमधली खरखर कशी घालवायची, यावर काम केलं. खरखर घालवणाऱ्याचं नाव आपण खिडक्यांच्या काचा थरथरवणाऱ्या यंत्राला दिलं!

हा नुसता शब्दाचा गोंधळ असता तर हसून सोडून दिला असता. पण त्या शब्दासोबत आपली एक समजूतही बिघडली आहे. बेस म्हणजे दणका, बेस म्हणजे छातीवर बुक्की, असं दोन पिढ्यांच्या मनात पक्कं बसलं आहे. माझं म्हणणं याच्या उलट आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. बेस खोल असावा, मोठा नसावा. नवी पेठेसारख्या ठिकाणी, जिथे खाली दुकान आणि वर घर, आणि एका घराची भिंत ती दुसऱ्या घराचीही भिंत, तिथे राहणाऱ्या माणसाने तो खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यावर न सोडता मोजूनमापून स्वतः बांधावा. मी तसा बांधला. त्यासाठी पॅसिव्ह रेडिएटर नावाची जी चीज वापरली, तिच्याबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा लेख.

आधी 'खोल' आणि 'मोठा' यातला फरक. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती सेकंदाला किती वेळा होते, तो आकडा म्हणजे हर्ट्झ. पुरुषाचा बोलण्याचा आवाज साधारण ८५ हर्ट्झच्या खाली जात नाही. म्हणून बातम्या, भाषण, नात किंवा तिलावत ऐकायला सबवूफर लागतच नाही, आणि तिथे सब लावला तर आवाज उलट घोगरा होतो. डबल बास या मोठ्या तंतुवाद्याची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची. पियानोची अगदी डावीकडची पट्टी साडेसत्तावीस हर्ट्झची. सिनेमातला भूकंप, विमान, ढगांचा गडगडाट हे सगळं याच भागात असतं. मिरवणुकीतल्या भिंतीचा जोर मात्र बहुतेक यापेक्षा वर असतो. उघड्या रस्त्यावर तीस हर्ट्झ उभा करणं फार महाग आणि पन्नास-साठ हर्ट्झचा ठोका त्या मानाने स्वस्त, म्हणून तोच हजारो वॅटने ठोकला जातो. तो मोठा असतो, खोल नसतो.

आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. करमाळा तालुक्यातल्या नागराज मंजुळे यांच्या २०१६ सालच्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी संगीताचा काही भाग लॉस एंजेलिसला जाऊन भल्यामोठ्या वाद्यवृंदासोबत रेकॉर्ड केला. त्यात तंतुवाद्यांचा आख्खा ताफा आहे. आपण ती गाणी वरातीत शेकडो वेळा ऐकली, पण ऐकला फक्त ठोका. घरी मध्यम आवाजात, खालपर्यंत नीट पोचणाऱ्या सबवर ती ऐकली, तेव्हा गाण्याच्या तळाशी काय काय चाललेलं असतं ते मला कळलं.

आता वॅट. दुकानात गिऱ्हाईक विचारतो, "किती वॅटचा?" आणि खोक्यावर पीएमपीओ नावाचा आकडा असतो, चार-चार हजार वॅटचा. आत बघावं तर ४४४० आयसीचा बोर्ड. त्या आकड्याला कुठल्याही मोजमापाचा आधार नसतो. पण खरे वॅट धरले तरी गणित समजून घ्या. आवाज कानाला दुप्पट वाटायचा असेल, तर वॅट दहापट लागतात. शंभराचे हजार केले तर दुप्पट, बस. आणि बेस निम्म्या हर्ट्झवर तितक्याच जोराने हवा असेल, म्हणजे साठऐवजी तीसवर, तर चौपट हवा हलवावी लागते. म्हणून सबचा खरा प्रश्न वॅटचा नाही, हवेचा आहे. किती हवा हलते आणि ती कुठल्या डब्यात कोंडली आहे, यावर सगळं अवलंबून.

डब्याचे ढोबळ तीन प्रकार. पहिला बंद डबा. सर्वांत सोपा, बिघडायला काही नाही, पण ठरावीक हर्ट्झच्या खाली आवाज उतरत जातो आणि तो भरून काढायला ॲम्प्लिफायर आणि स्पीकर दोघांनाही जास्त राबावं लागतं. दुसरा पाइपाचा डबा, ज्याला समोर किंवा मागे भोक असतं. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की घुमतं, तेच तत्त्व. पाइपातली हवा हे वजन, डब्यातली हवा ही स्प्रिंग. दोन्ही मिळून एका हर्ट्झवर डोलतात आणि तिथे स्पीकरचं काम हलकं होतं. हा उत्तम मार्ग आहे, पण मोठ्या डब्यासाठी. छोट्या डब्यात काय होतं बघा. मला ३० लिटरचा डबा हवा होता, म्हणजे दीड हंड्याएवढा, कारण खोलीत त्याहून जास्त जागा नाही. तो २८ हर्ट्झवर बसवायचा आणि पाइप चार इंची धरायचा, तर सूत्राने पाइपाची लांबी निघते सुमारे ९० सेंटिमीटर. तीन फुटांचा पाइप एक फुटाच्या डब्यात! वाकवून घातला तर तो डब्यातली सात लिटर जागा खातो. पाइप बारीक केला तर लांबी कमी होते, पण हवा इतक्या वेगाने आत-बाहेर करते, की फुसफुस ऐकू येते.

तिसरा प्रकार म्हणजे पॅसिव्ह रेडिएटर. पाइप काढून टाकायचा आणि त्या जागी एक असा स्पीकर बसवायचा, ज्याला मॅग्नेट नाही, कॉईल नाही, वायर नाही. नुसता कोन, भोवतीचं रबर आणि मधोमध वजन. खरा स्पीकर डब्यातली हवा दाबतो-ओढतो, ती हवा या मुक्या कोनाला हलवते, आणि तो पाइपातल्या हवेचं काम करतो. तीन फुटांच्या पाइपाऐवजी काही ग्रॅम वजन. अमेरिकेच्या आरसीए कंपनीतले हॅरी ओल्सन यांना याचं पेटंट १९३५ साली मिळालं. त्याची सगळी गणितं १९७४ मध्ये रिचर्ड स्मॉल यांनी मांडली. त्याआधी नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने १९६१ मध्ये पाइपाच्या डब्याचं गणित बसवलं होतं. आज प्रत्येक चांगल्या स्पीकरसोबत जे आकडे येतात, त्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात ते यांच्यामुळे. आणि ही वस्तू तुम्ही पाहिलेली आहे. खिशात मावणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरच्या दोन्ही टोकांना गाणं लागलं की थरथरणाऱ्या चकत्या असतात ना, त्याच या.

आता बांधणी. माझा डबा आतून ३३ सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच आहे. हे जवळजवळ ३६ लिटर होतात. त्यातून स्पीकर, रेडिएटर आणि आतले आडवे टेकू यांची जागा वजा केली की ३० लिटर उरतात. १८ मिलिमीटरचं प्लायवूड, समोरची बाजू दुहेरी. आठ बाय चारच्या शीटचा सुमारे तिसरा हिस्सा लागतो. समोर आठ इंची सब, डाव्या-उजव्या बाजूला समोरासमोर दहा इंची दोन रेडिएटर. भोकं पाडण्याआधी कागदावर आडवा छेद काढून बघा. एक फुटाच्या डब्यात तीन बाजूंनी तीन कोन आत घुसतात, आणि स्पीकरच्या मागच्या मॅग्नेटला रेडिएटरचा कोन हलताना टेकता कामा नये.

दोनच का, आणि दहा इंचीच का? नियम असा आहे, की रेडिएटर मिळून जितकी हवा हलवू शकतात, ती खऱ्या स्पीकरच्या निदान दुप्पट हवी. आठ इंची कोनाचं क्षेत्रफळ सुमारे २१० चौरस सेंटिमीटर, आणि तो एका दिशेला ८ मिलिमीटर जात असेल तर १६८ घनसेंटिमीटर हवा हलते. दहा इंची कोन सुमारे ३४० चौरस सेंटिमीटरचा. दोन मिळून ६८०, आणि १२ मिलिमीटर चाल धरली तर ८०० च्या वर. चौपटीहून जास्त, म्हणजे कधी अंगावर येणार नाही. समोरासमोर बसवण्याचं कारण वेगळं आहे. एकच जड रेडिएटर लावला, तर तो पुढे गेला की डबा मागे सरकतो, आणि तो धक्का फरशीतून खालच्या मजल्यावर जातो. दोन समोरासमोर असले की एकाचा धक्का दुसरा खोडतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला हे फार महत्त्वाचं. डब्याच्या वर किंवा तळाला मात्र रेडिएटर आडवा बसवू नये. वजनाने त्याचं रबर हळूहळू लोंबतं.

वजन किती? ३० लिटर हवेची स्प्रिंग, ६८० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ आणि २८ हर्ट्झ हे सूत्रात घातलं, की एकूण हलतं वजन सुमारे ७०० ग्रॅम येतं. प्रत्येकी साडेतीनशे. रबराचा स्वतःचा ताण धरला तर थोडं वर. कोनाचं स्वतःचं वजन शंभराच्या आसपास असेल, तर मधोमध बोल्टवर अडीचशे ग्रॅमचे वॉशर चढवायचे. इथे सोनाराचा काटा लागत नाही, किराणा दुकानाचा पुरतो, फक्त दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं. वजन चौपट केलं तर हर्ट्झ निम्मे होतात, एवढं लक्षात ठेवलं की कमी-जास्त करणं सोपं. विनआयएसडी नावाचं मोफत सॉफ्टवेअर हे सगळं हिशोब करून देतं, पण एकदा हाताने केलेलं बरं. मग आकडे तोंडओळखीचे होतात.

तयार रेडिएटर आपल्याकडे सहज मिळत नाहीत. बाहेरून मागवले तर महाग पडतात. पण आपल्याकडे एक गोष्ट भरपूर आहे, ती म्हणजे जळालेले सब. गाडीत जोरात वाजवून कॉईल जाळलेले दहा-बारा इंची स्पीकर रिपेअरवाल्यांकडे पडून असतात. कोन आणि रबर शाबूत असलेले, एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन शोधायचे. मागचं मॅग्नेट सोडवायचं, कॉईल कापून काढायची, मधोमध बोल्ट बसवायचा. झाला रेडिएटर. माझे दोन्ही असेच झाले. ज्या कारागिराने हे केलं, तो शाळा अर्धी सोडलेला, पण कोन मधोमध सरळ बसला आहे की नाही हे त्याच्या बोटांना कळतं. असे हात आपल्या पेठांमधून झपाट्याने कमी होत आहेत, कारण आता कुणी दुरुस्त करत नाही, नवीन घेतात. सगळा खर्च मला वीस हजारांच्या आसपास आला, त्यात ॲम्प्लिफायरही धरला.

जोडल्यावर तीन तपासण्या. पहिली हवेची. एक रेडिएटर हलक्या हाताने आत दाबा. दुसरे कोन बाहेर यायला हवेत आणि धरून ठेवेपर्यंत तसेच राहायला हवेत. लगेच परत जागेवर आले, तर डबा कुठूनतरी गळतो आहे. कडांना पुन्हा फेव्हिकॉल आणि स्पीकरखाली फोमची पट्टी. दुसरी हर्ट्झची. मोबाइलवर सूर देणारं ॲप मिळतं. कमी आवाजात ४० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली या. एका जागी खरा स्पीकर जवळजवळ थांबलेला आणि रेडिएटर जोरात हलताना दिसतील. तोच तुमच्या डब्याचा सूर. तो तीस निघाला तर वॉशर वाढवा, पंचवीस निघाला तर कमी करा. तिसरी गोष्ट विसरू नका, ती म्हणजे फिल्टर. या सुराच्या खाली गेलं की डब्यातली हवा स्पीकरला धरून ठेवत नाही आणि कोन वेडावाकडा पळतो. म्हणून २५ हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर ॲम्प्लिफायरमध्ये असलाच पाहिजे, आणि वरची हद्द ८० हर्ट्झच्या आसपास.

मग खोली. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीभिंतींमध्ये आवाज आपटून सुमारे ४७ आणि ५६ हर्ट्झवर फुगतो. लांबी-रुंदीचंच ते गणित. म्हणून एका कोपऱ्यात बेस नुसता घुमतो आणि खुर्चीपाशी गायब होतो. यावर जुना उपाय आहे. सब उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा, एक ओळखीचं गाणं लावा आणि तुम्ही भिंतीच्या कडेने खाली वाकून फिरा. जिथे बेस सारखा ऐकू येईल, तिथे सब ठेवा. पोरं हसतात, पण हजारो रुपयांच्या यंत्रापेक्षा हे चालतं. छोट्या खोलीचा एक फायदाही आहे. खोलीच खालच्या सुरांना हात देते, त्यामुळे वॅट फार थोडे लागतात.

इथपर्यंत सगळं आपल्या घरातलं. आता भिंतीपलीकडे जाऊ, कारण माझ्या मते सबवूफर बांधणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच आहे.

भिंत आवाज अडवते, पण सगळे सूर सारखे अडवत नाही. ढोबळ नियम असा, की हर्ट्झ निम्मे झाले की भिंतीची अडवण्याची ताकद सहा डेसिबलने घटते. म्हणून शेजारच्या टीव्हीवरचे शब्द कळत नाहीत, पण ठोका कळतो. आणि कायद्याचं मीटर नेमकं इथेच बहिरं आहे. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, बाजारपेठेत ६५ आणि ५५. रात्र म्हणजे दहा ते सहा. खासगी जागेतल्या यंत्राचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये, असंही नियम सांगतो. पण हे मोजमाप 'ए' नावाच्या मोजपट्टीवर होतं. ती हळू आवाज माणसाच्या कानाला कसे ऐकू येतात त्यावरून बेतलेली आहे, आणि ५० हर्ट्झवर ती ३० डेसिबल वजा करते. म्हणजे ५० हर्ट्झचा ८५ डेसिबलचा आवाज मीटरवर ५५ दिसतो. कागदावर सगळं कायद्यात बसतं, आणि शेजारच्या आजारी माणसाला झोप नाही. कायदा पाळला म्हणून शेजारी सुखी झाला असं बेसच्या बाबतीत म्हणता येत नाही. शेजाऱ्यालाच विचारावं लागतं.

मी भिंतीपलीकडच्या काकूंना विचारलं. त्यांना म्हटलं, तुम्ही तुमच्या स्वयंपाकघरात बसा, मी इकडे वाजवतो, काय होतं ते सांगा. पाच मिनिटांनी त्या दारात आल्या. "आवाज काही नाही रे बाळा, पण मांडणीवरची वाटी थरथरतेय बघ." मीटरला न सापडणारी गोष्ट त्यांच्या वाटीने पकडली. आवाज कमी करत करत वाटी जिथे थांबली, तिथे ॲम्प्लिफायरच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. तो माझ्या घरचा कायदा. दहानंतर सबचा स्विच बंद, मग टीव्हीचा आवाज जेवढा असेल तेवढा.

आपल्या धर्मात शेजाऱ्याच्या हकाबद्दल किती ताकीद आहे, हे मुसलमान वाचकांना सांगायला नको. जिब्रील शेजाऱ्याबद्दल इतकं सांगत राहिले, की आता त्याला वारसदारच ठरवतील असं वाटलं, या अर्थाची हदीस लहानपणापासून प्रत्येकाने ऐकलेली असते. त्या शेजाऱ्याचं नाव, जात, धर्म तिथे विचारलेला नाही. माझ्या लेखी त्या हदीसचा आजचा अर्थ मांडणीवरच्या वाटीएवढा साधा आहे.

कुणी म्हणेल, मग सब हवाच कशाला? याचं एक तांत्रिक उत्तर आहे. आपला कान हळू आवाजात बेस आधी विसरतो. तीस हर्ट्झचा सूर जेमतेम ऐकू यायलाच सुमारे ६० डेसिबल लागतात. म्हणून छोट्या स्पीकरवर हळू गाणं लावलं की ते पोकळ वाटतं, आणि माणूस बेससाठी सगळाच आवाज वाढवतो. गाणारा ओरडायला लागतो, तरी बेस येत नाही. सब नीट बसवला, तर फक्त तळ थोडासा भरून घेता येतो आणि एकूण आवाज खाली ठेवता येतो. मला आधी जेवढ्या आवाजात समाधान व्हायचं, त्यापेक्षा आता कमी आवाजात होतं.

दुसरा आक्षेप आपल्यातलाच. गाणं-बजावणं जायज आहे का? त्या वादात मी इथे पडत नाही. ज्याला ऐकायचं नाही त्याने ऐकू नये. पण ज्या घरात ऐकलं जातं, त्या घरात ते दुसऱ्याला त्रास न देता ऐकलं जावं, याबद्दल तर दुमत नसावं. तिसरा आक्षेप, एवढी खटपट कशाला, बंद डबा सोपा. मान्य. ज्याच्याकडे दमदार स्पीकर आणि ॲम्प्लिफायर आहे, त्याने बंद डबा करावा, त्यात कमीपणा नाही. जागा कमी, पैसे कमी आणि खोली मात्र पाहिजे, अशा घरासाठी मात्र रेडिएटरला तोड नाही.

आता जे बोलायचं टाळता येणार नाही ते. रस्त्यावरच्या भिंतींबद्दल बोलताना आपण फक्त दुसऱ्यांच्या मिरवणुकांकडे बोट दाखवतो. जुलूसमध्येही तीच ट्रॉली, तेच स्पीकर, बऱ्याचदा मालकही तोच. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ईद-ए-मिलादच्या जुलूसमधल्या डीजे आणि लेझरविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयासमोर आली, तेव्हा न्यायालयाने साधा प्रश्न ठेवला, की जे गणेशोत्सवात घातक आहे ते ईदला घातक का नसेल? मला त्यात न्यायाचं बोलणं दिसलं. कानाचा पडदा वाजवणाऱ्याचा धर्म बघून फाटत नाही. आपण समजूतदारपणा दाखवू शकतो हेही खरं आहे. २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, तेव्हा मुंबईत आणि राज्यात ठिकठिकाणी जुलूस पुढे ढकलले गेले. तारीख बदलता येते, तर आवाजही उतरवता येतो. ज्यांच्या शिकवणीची आठवण काढायला आपण निघतो, त्यांची आठवण कुणाच्या तान्ह्या मुलाला दचकवून होत नाही.

बंदीने हे थांबेल असं मला वाटत नाही. बंदी येते, मिरवणूक होते, गुन्हे दाखल होतात, पुढच्या वर्षी पुन्हा ट्रॉली उभी राहते. पोरांना बेस आवडतो, आणि आवडण्यात वाईट काही नाही. त्यांनी चांगला बेस ऐकलेलाच नाही, हा खरा घोटाळा आहे. म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या उर्दू आणि मराठी शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तोच ज्वालामुखी आणि तीच पवनचक्की असते. एका वर्षी हा डबा ठेवा. स्प्रिंग, वजन, कंपन, घनफळ, क्षेत्रफळ हे पुस्तकातलं सगळं यात आहे, आणि पोरं ते रट्टा न मारता शिकतील. मंडळाच्या, बिरादरीच्या पोरांनी वर्गणीतून एक डबा बांधून मोहल्ल्याच्या वाचनालयात ठेवावा. रिपेअरवाल्याला बोलवावं, सुताराला बोलवावं, त्यांना त्यांची मजुरी द्यावी. ज्या पोराने स्वतः वॉशर मोजून २८ हर्ट्झ गाठले, त्याला ट्रॉलीवरच्या भिंतीचं कौतुक फार दिवस राहणार नाही. आणि सब घरी नेला, की पहिल्याच दिवशी शेजारच्या स्वयंपाकघरात जाऊन वाटी वाजते का ते बघून यायचं, हेही त्याला त्याच वेळी शिकवावं.